शीण जातो कसा, आणि त्यासाठी बेटच का?

शनिवार-रविवार झोपून काढला तरी सोमवारी सकाळी अंग जडच. डोकं बधिर, कुणी साधं काही विचारलं तरी चिडचिड. मुंबईत ही तक्रार आता पंचविशीतली मुलंसुद्धा करतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "चार दिवस लांब कुठेतरी जाऊन ये, अंदमानला नाहीतर लक्षद्वीपला." सल्ला चांगलाच आहे. पण त्यामागचं कारण माहीत नसल्यामुळे अनेक जण बेटावर जाऊन आणखी दमून परततात. शीण जाणं ही शरीरात घडणारी प्रक्रिया आहे. तिला वेळ लागतो आणि तिच्या काही अटी असतात. निळा समुद्र ही त्यातली अट नाही. मात्र त्या अटी बेटावर एका जागी जुळून येण्याची शक्यता जास्त असते, आणि ते समजून घेऊन सुट्टी आखली तर तिचा उपयोग कितीतरी वाढतो.

आधी थकव्याबद्दल. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो. ती पुढे मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कळवते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरतं. त्याच्याही आधी, काही सेकंदांत, ॲड्रिनॅलिनने छातीचे ठोके वाढवलेले असतात. रक्तात साखर सोडली जाते, स्नायू आवळतात, पचन मंदावतं, लक्ष एका जागी खिळतं. दादरच्या पुलावरून घाईघाईने उतरून गाडी गाठताना ही सगळी तयारी आपल्या कामाचीच असते. गाडी मिळाली, श्वास जागेवर आला, की यंत्रणा हळूहळू शांत होते. कॉर्टिसॉल म्हणजे विष नव्हे. रोज सकाळी उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते आपसूक वाढतं, आणि त्याच्याच बळावर आपण दिवसाला लागतो. रात्री ते उतरणं अपेक्षित असतं.

अडचण पुढे आहे. घडत असलेला प्रसंग आणि त्या प्रसंगाचा नुसता विचार, या दोन्हींनी ही यंत्रणा सुरू होते. कल्याणच्या गाडीत दारापाशी उभं राहून उद्याच्या मीटिंगची उजळणी करणाऱ्या माणसाच्या अंगात मीटिंग आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. जेवताना साहेबांचा मेसेज आला, तो वाचून फोन पालथा ठेवला, तरी पुढचा तासभर मन त्याच्या उत्तराची जुळवाजुळव करतं. सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षाचं इंजिन चालूच राहावं, तसं हे. गाडी जागची हलत नाही, इंधन मात्र जळत राहतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले ब्रूस मॅकइवन आणि त्यांचे सहकारी इलियट स्टेलर यांनी १९९३ साली या साठत जाणाऱ्या झिजेची नेमकी मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ताण आल्यावर शरीर स्वतःला जुळवून घेतं, पण दर जुळवणुकीची किंमत असते, आणि ती न फेडता पुन्हा पुन्हा चढत गेली तर रक्तदाब, वजन, साखर, झोप आणि स्मरणशक्ती अशा सगळ्या ठिकाणी ती वसूल होते.

या झिजेत अपुऱ्या झोपेची भर पडते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हा पदार्थ साचत जातो आणि डोळे जड होतात. झोपेत तो निचरतो. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनला मेंदूत त्याच्या जागेवर बसू देत नाही, म्हणून तरतरी येते. साचलेला ॲडेनोसिन मात्र तिथेच असतो, आणि कॅफिनचा अंमल ओसरायला बरेच तास लागतात. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसात घेतलेल्या कॉफीचा बराच भाग रात्री साडेअकराला रक्तात फिरत असतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रत्येक मुंबईकराला माहीत असायला हवा. धडधाकट माणसांना सलग १४ दिवस रोज ६ किंवा ४ तासच झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांची एकाग्रता आणि प्रतिक्रियेचा वेग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतका खालावला होता. मला त्याहून गंभीर वाटते ती दुसरी बाब. त्या माणसांना आपण किती ढासळलो आहोत हे कळतच नव्हतं. सुरुवातीचे काही दिवस झोप येत असल्याचं त्यांनी सांगितलं, पण पुढे कामगिरी घसरत राहिली तरी तक्रार वाढली नाही. विरारहून पहाटे निघून रात्री दहाला घरी पोचणारा माणूस "मला सहा तास पुरतात, सवय झाली आहे" असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याची मोजपट्टीच सरकलेली असते.

महिनोन्‌महिने असंच चाललं की माणूस ज्या अवस्थेला पोचतो तिला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद घेतली. तो आजार आहे असं म्हटलं नाही, तर न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. तीन खुणा दिल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण घरच्यांना आधी दिसते. कालपर्यंत कामाविषयी भरभरून बोलणारा माणूस "काय करायचंय, पगार येतोय ना" असं म्हणायला लागतो.

मग शनिवार-रविवार का पुरत नाही? एक तर मुंबईत रविवार मोकळा नसतो. बँक, सोसायटीची मीटिंग, मुलांचा प्रोजेक्ट, कुणाचं लग्न, कुणाची पूजा. पण खरं कारण वेगळं आहे. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांनी कामानंतरच्या विश्रांतीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००७ साली त्यांनी आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी माणूस कशाने सावरतो याचे चार घटक मांडले: मन कामापासून खरोखर सुटणं, शरीर-मन सैलावणं, कामाशी संबंध नसलेलं काहीतरी करून पाहण्याचा आनंद, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. यातला पहिला घटक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कामावरून सुटणं आणि कामातून सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सोफ्यावर पाय पसरून ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचणारा माणूस विश्रांती घेत नसतो.

इथे बेट उपयोगी पडतं. बेटाला कड असते. बोट सुटली की परतीच्या बोटीपर्यंत काही करता येत नाही, हे मनाला पटतं. हिलस्टेशनला गाडी दारात उभी असते आणि तीन तासांत ऑफिस गाठता येईल हा विचार पाठ सोडत नाही. शिवाय बेटावर निवडायचं थोडं असतं. खायच्या दोन-तीन जागा, चालायला एक किनारा, सायकलला एक रस्ता. शहरात सकाळपासून आपण शेकडो छोटे निर्णय घेत असतो. कुठली गाडी, कुठला डबा, रिक्षा की बस, कुणाला आधी उत्तर द्यायचं. हा भार उतरला की डोकं किती हलकं होतं हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आवाजाचंही तसंच. मेंदू झोपेतही अचानक येणारा, चढा आवाज टिपतो आणि त्याला सावध प्रतिक्रिया देतो. हॉर्न, ड्रिलिंग, मध्यरात्री सोसायटीच्या गेटवर वाजणारी बाइक, या सगळ्याला. लाट हळूहळू चढते आणि हळूहळू ओसरते. त्यात मेंदूला दचकवणारं काही नसतं.

आणि उजेड. ऑफिसातल्या दिव्यांखाली साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. मोकळ्या किनाऱ्यावर भर दिवसा तो ५० हजारांच्या वर, कधी एक लाखापर्यंत जातो. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावलं जातं. दिवसा लख्ख उजेड आणि रात्री खराखुरा काळोख मिळाला की रात्री मेलाटोनिन हे झोपेची वेळ कळवणारं संप्रेरक वेळेवर वाढतं आणि झोप लवकर लागते. शहरात याच्या नेमकं उलट घडतं. दिवसभर बंद काचेआड मंद उजेड, आणि रात्री बारापर्यंत चेहऱ्याजवळ धरलेला फोन.

कुठलं बेट निवडावं याचा विचार यावरूनच करता येतो. लक्षद्वीप मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. मुंबईचं रेखावृत्त ७२.८ अंश पूर्व, लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीचं ७२.६. म्हणजे सूर्याची वेळ साधारण तीच आणि शरीराच्या घड्याळाला काही धक्का नाही. अंदमानचं तसं नाही. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, मुंबईच्या सुमारे २० अंश पूर्वेला आहे. घड्याळ तेच, पण सूर्य तिथे मुंबईपेक्षा जवळपास ८० मिनिटं आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्री एक वाजता झोपायची सवय लागलेल्या माणसाला हे फार उपकारक आहे. पहाटेचा उजेड लवकर मिळतो, संध्याकाळ लवकर होते, आणि तीन-चार दिवसांत झोप आपोआप लवकर येऊ लागते. फक्त खोलीत जाड पडदे ओढून सकाळी दहापर्यंत झोपू नका. तो सगळा फायदा पडद्याबाहेर राहील.

लक्षद्वीपची ३६ बेटं मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहाच बेटांवर. जायला परवाना लागतो आणि वाट मुख्यतः कोचीहून. विमानाने अगत्ती, नाहीतर जहाज. कागदपत्रांची ही खटपट महिना-दोन महिने आधी संपवावी, नाहीतर सुट्टीच ताण होऊन बसते. तिथल्या बहुतेक बेटांवर दारूबंदी आहे, आणि थकलेल्या माणसासाठी ती मला जमेची बाजू वाटते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते आणि स्वप्नांची झोप आक्रसते. आठ तास झोपूनही सकाळी माणूस विटलेला उठतो.

अंदमानात नेहमीचा धोका आहे तो भरगच्च सहलीचा. सहा दिवसांत सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, बाराटांग, पहाटे तीनला उठून गाड्यांच्या ताफ्यातून प्रवास, रोज बॅगा भरा आणि रोज बॅगा उघडा. ज्याला अंदमान पाहायचं आहे त्याने जरूर असं जावं. सेल्युलर जेल तर पाहायलाच हवा. पण ज्याला शीण घालवायचा आहे त्याने एकच बेट धरावं आणि एकाच खोलीत राहावं. नीलसारखं छोटं, सायकलवर फिरता येईल असं बेट पाच दिवसांसाठी पुष्कळ होतं. "एवढा खर्च करून काहीच पाहिलं नाही" असं नातेवाईक म्हणतील. म्हणू द्या.

इतका खर्च किंवा इतकी रजा सगळ्यांना परवडत नाही, याची मला जाणीव आहे. कोकण रेल्वेने करमळीला उतरलं की जुनं गोवं हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट. भातखाचरं, पक्षी, शांत वाड्या. तिथे समुद्रकिनारा नाही, आणि किनारा शोधणारी गर्दीही नाही. वर सांगितलेल्या सगळ्या अटी तिथे पुऱ्या होतात. आणि अगदी एक दिवसच हाताशी असेल तर गेटवेवरून तासाभरात लाँचने घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, रविवारी गर्दी असते, तेव्हा मधल्या वारी रजा टाकून पहिल्या लाँचने जावं. एका दिवसाने साठलेली झीज भरून निघणार नाही, पण निदान एक दिवस तरी यंत्रणा थंडावेल.

आता एक गोष्ट बदलली आहे, ती लक्षात घ्यायला हवी. पूर्वी बेटावर रेंज नसायची आणि माणूस आपोआप सुटायचा. चेन्नईहून अंदमानला समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, कोचीहून लक्षद्वीपला जाणारी जानेवारी २०२४ मध्ये. तिथल्या रहिवाशांसाठी हे अतिशय गरजेचं होतं. दवाखाना, शाळा, बँक, सगळं त्यावर आहे. पाहुण्याला मात्र आता स्वतःची रेंज स्वतः बंद करावी लागते. त्यासाठी जाण्यापूर्वीची तयारी महत्त्वाची. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं की अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना करून ठेवली तर काम पूर्ण न होताही हे घोळणं थांबतं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत जागून सगळं उरकण्यापेक्षा एक तास बसून लिहून काढा: काय राहिलं आहे, ते कोण बघणार, तुम्ही परतल्यावर कुठल्या दिवशी हातात घेणार. आणि अगदी अडलंच तर घरच्या कुणा एकाच्या नंबरवर फोन यावा, असं ऑफिसला सांगून ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस निराशेचे जाऊ शकतात. त्याने घाबरू नका. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही याला कारण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात २०१६ साली दिसून आलं की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल पुरता गाढ झोपत नाही, तो आवाजांवर पहारा ठेवतो. पुढच्या रात्री हा फरक राहत नाही. काही जणांना सुट्टी लागताच डोकेदुखी, अंगदुखी, सर्दी असं काहीतरी होतं. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ ॲड फिंगरहूट्स यांनी अशा सुट्टीतल्या आजारपणाचा अभ्यास केला. कामाचा भार जास्त आणि जबाबदारीची भावना तीव्र असलेल्यांत ते अधिक आढळलं. शिवाय झोपेचा डोंगर उपसायचा असतो, त्यामुळे सुरुवातीला माणूस नुसता झोपतो आणि झोपून उठला तरी मरगळलेला असतो. ते होऊ द्यावं. नेदरलँड्समध्येच येसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांची सुट्टीभर विचारपूस केली, तेव्हा त्यांना सगळ्यात ताजंतवानं साधारण आठव्या दिवशी वाटत होतं. म्हणजे चार दिवसांची सहल संपते तेव्हा शरीर कुठे सैलावायला लागलेलं असतं. शक्य असेल तर मधला प्रवास धरून आठ-नऊ दिवस काढा.

या सगळ्यात घरातल्या बाईचं काय? हा प्रश्न सहलीच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. सुट्टीतही मुलांची औषधं, सासऱ्यांचं पथ्याचं जेवण, कोणाचा टॉवेल, कोणाची भूक, उद्या बोट किती वाजता, हे सगळं तिच्याच डोक्यात असतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली की पैसे वाचतात, पण तिच्यासाठी फक्त ओटा बदलतो. वर सांगितलेला पहिला घटक, मन कामापासून सुटणं, तिच्या बाबतीत पुरा होतच नाही, कारण तिचं काम सोबतच आलेलं असतं. जेवणाची सोय असलेलं ठिकाण निवडणं आणि मुलांची सकाळ किंवा संध्याकाळ पूर्णपणे नवऱ्याने सांभाळणं, तेही "काय करू सांग" असं न विचारता, हे साधे उपाय आहेत. याशिवाय कुटुंबाची सुट्टी ही तिची सुट्टी होत नाही.

एक इशारा. आठवडाभर नीट झोपून, फोन बंद ठेवूनही थकवा तसूभर हलला नाही, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नाही, भूक-झोप बिघडली, जगणं नको वाटतं, तर तो नुसता शीण नाही. रक्तक्षय, थायरॉइड, बी १२ ची कमतरता, मधुमेह, घोरण्यासोबत श्वास अडकण्याचा विकार आणि नैराश्य, या सगळ्यांचं पहिलं लक्षण थकवा असू शकतं. अशा वेळी तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

राहिला प्रश्न परतण्याचा. सुट्टीचा परिणाम टिकत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कामावर रुजू झाल्यापासून दोन ते चार आठवड्यांत, कधी पहिल्याच आठवड्यात, माणूस पूर्वीच्या जागी येतो. यावरून सुट्टी फुकट जाते असा अर्थ काढणं चूक आहे. सकाळी केलेलं जेवण रात्री पुरत नाही म्हणून कुणी जेवण सोडत नाही. यावरून ठरवायचं ते रजेचं वेळापत्रक. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार कमावलेली रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, आणि पुष्कळ लोक ती साठवतच राहतात. ती साठवून तीन वर्षांतून एकदा मोठा दौरा करण्यापेक्षा वर्षात एक आठ-नऊ दिवसांची आणि मध्ये दोन-तीन छोट्या सुट्ट्या घेणं शरीराला जास्त मानवतं. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नका, शुक्रवारचं काढा. कपडे धुऊन होतात, घरची झोप मिळते. पहिल्या दिवशी मीटिंग ठेवू नका, साठलेले मेल वाचायला तो दिवस लागतोच. आणि बेटावर लागलेली एखादी सवय, संध्याकाळी आठनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याची किंवा सकाळचा चहा गच्चीत उजेडात घेण्याची, त्याच आठवड्यात घरी सुरू करा. पुढच्या महिन्यात म्हटलं की ती राहून जाते.